शंभर नटांची गाडी

न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन निघालेल्या अठरा चाकी ट्रेलरची चाकं रस्त्यावरचं पोरही मोजतं. नटांकडे मात्र कुणाची नजर जात नाही. पुढच्या एक्सलला एकेक चाक, मागच्या एक्सलला आणि ट्रेलरच्या तिन्ही एक्सलना जोडचाकं. म्हणजे हब झाले दहा. हबला दहा स्टड धरले की नट शंभर. चाळीस टनांच्या वरची भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसाऱ्याचा घाट उतरते, तेव्हा तिचं एकेक चाक जागेवर राहतं ते या नटांच्या पकडीमुळे.

मोठ्या ट्रकचा स्टड बहुतेक ठिकाणी बावीस मिलिमीटरचा, आटे दीड मिलिमीटरचे, आणि नटाला गोटी लागते ३२ किंवा ३३ नंबरची. तो कसायचा असतो साधारण ६०० न्यूटन-मीटरला. गाडीगणिक आकडा बदलतो आणि तो कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो, पण ५५० ते ६५० हा पट्टा नेहमीचा. फिटरच्या भाषेत 'साठ केजी'. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साठ किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा.

एवढ्या पिळाने कसलेला नट दोन पावसाळे काढतो. चिखल खातो, ब्रेकच्या ड्रमची उष्णता खातो, गंजतो. मग कधीतरी मध्यरात्री जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर टायर फुटतो आणि तो नट सोडवायची वेळ येते.

कळंबोलीच्या पुढे या रस्त्याच्या कडेने टायरवाल्यांच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या बऱ्याच केरळच्या किंवा उत्तर प्रदेशच्या माणसांच्या. नट सोडवायची इम्पॅक्ट गन नसलेल्या टपरीवर काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. नटावर व्हील पाना बसवतात, त्याच्या टॉमीवर पाच-सहा फुटी पाइप चढवतात. पोरगा आधी हाताने जोर लावून बघतो. मग पाइपवर पाय ठेवतो. मग दोन्ही हातांनी ट्रकची बॉडी धरून पाइपावर उभा राहतो आणि अंगाला हिसके देतो. पंच्याहत्तर किलोचा माणूस एक मीटरवर उभा राहिला तर ७३५ न्यूटन-मीटर होतात. पाइप दीड मीटरचा असला तर अकराशे. नट 'कट्ट' असा आवाज करून सुटला तर ठीक. गोटी निसटली तर पोरगा पाइपसकट खाली येतो आणि हनुवटी, गुडघा किंवा दात, जे आधी लागेल ते फुटतं. एका जोडचाकाला असे दहा नट. शेजारून पन्नास-साठच्या वेगाने दुसरे ट्रेलर जात असतात. जॅकवरची गाडी त्यांच्या वाऱ्याने हलते.

बॅटरीवरची इम्पॅक्ट गन यायला हवी ती या जागी. गॅरेजमध्ये नव्हे, रस्त्यावर. हे एवढ्या ठामपणे म्हणतो, कारण ज्या दुकानात टायरला हवा भरायला मोठा कॉम्प्रेसर आधीच आहे तिथे हवेची एक इंची गन अजूनही सरस आहे. ती तापत नाही, दिवसभर चालते, बिघडली तर आतली पाती आणि बेअरिंग बदलून पुन्हा उभी राहते. तिला रोज दोन थेंब तेल आणि कोरडी हवा एवढंच लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवेच्या पाइपात पाणी साचतं आणि गन आतून गंजते, तेवढा टाकीचा कॉक रोज उघडून पाणी काढायचा नेम पाळावा लागतो. पण हीच गन रस्त्यावर न्यायची म्हटली की सोबत आठ-दहा एचपीचा कॉम्प्रेसर, टाकी आणि जाड नळी न्यावी लागते. तीन एचपीच्या छोट्या कॉम्प्रेसरवर एक इंची गन लावली तर दुसऱ्या-तिसऱ्या नटाला दम तोडते. नळी बारीक असली तर त्याहूनही लवकर. ब्रेकडाउन व्हॅन, फ्लीटचं यार्ड, साखर कारखान्याचा तळ, घाटातली शोल्डर लेन या बॅटरीच्या गनच्या जागा आहेत.

गनच्या आत काय होतं ते समजलं की निवड निम्मी सोपी होते. मोटर फिरते, गिअरमधून स्पिंडल फिरवते. स्पिंडलवर तिरप्या खाचा असतात, खाचांत पोलादी गोळ्या आणि त्यांच्या आधाराने मागेपुढे सरकणारा एक जाड हातोडा. त्याच्या मागे दणकट स्प्रिंग. नट सैल असेल तोवर सगळं एकत्र फिरतं. नट अडला की हातोडा खाचेवरून मागे सरकतो, अडणीतून सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि तो पुढच्या ठोकळ्याच्या कानांवर आपटतो. हे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास वेळा. प्रत्येक ठोक्याचा जोर क्षणभराचाच असतो, म्हणून माणसाच्या मनगटाला झटका बसत नाही. गंजाची पकड मात्र त्याच ठोक्यांनी तुटते. रुतलेला खिळा नुसता ओढून निघत नाही आणि आजूबाजूने हातोडीने हलवला की निघतो, तसंच हे. पाइपावर उभ्या राहणाऱ्या पोराकडे जोर असतो, ठोका नसतो.

आता आकड्यांकडे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात गेलं की काउंटरवर खोक्यांची रास असते आणि खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात टॉर्कचा आकडा. गिऱ्हाईक त्या आकड्यावरून खरेदी करतं आणि तिथेच फसतं. चांगल्या कंपन्या दोन आकडे देतात. बॉशच्या जीडीएस १८व्ही-१०५० एचसी या पाऊण इंची गनला कसताना १०५० न्यूटन-मीटर आणि सोडवताना १७०० असे दोन आकडे आहेत. डीवॉल्टच्या डीसीएफ८९७ला कसताना ९५० न्यूटन-मीटर आणि सोडवताना १२०० फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६२७ न्यूटन-मीटर. फूट-पाउंडाला १.३५६ने गुणायचं, एवढं लक्षात ठेवलं की अमेरिकी आणि युरोपी खोकी शेजारी ठेवून वाचता येतात. सोडवण्याचा आकडा नेहमी मोठा असतो, तो मोजायची रीत कंपनीगणिक वेगळी असते, आणि तो भरलेल्या बॅटरीवर, छोट्या गोटीवर, एक्स्टेन्शनशिवाय मिळालेला असतो. ट्रकच्या चाकावर यातलं काहीच नसतं. जोडचाकाचा नट डिस्कच्या खोल वाटीत बसलेला असतो. तिथे पोचायला लांब गोटी किंवा एक्स्टेन्शन लागतं, आणि एक्स्टेन्शन प्रत्येक ठोक्याला थोडं पिळवटून जोर खातं. पाऊण इंचीला एक इंचीचा अडॅप्टर लावला की आणखी खातं. म्हणून मी ज्यांच्याकडे विचारपूस केली त्या फ्लीटच्या फिटरांचा हिशेब साधा होता: चाकाला ६००ची कस असेल तर सोडवण्याचा आकडा दीड हजाराच्या खाली नको. मला तो पटतो. गंजलेला नट कसलेल्या जोरापेक्षा कितीतरी जास्त मागतो, आणि कागदावरचा जोर नटापर्यंत पोचेस्तोवर बराच गळतो.

टॉर्कच्या आकड्याआधी बघायचा तो गनच्या तोंडाचा चौकोन. चार सुती, सहा सुती की आठ सुती. अर्धा इंची, पाऊण इंची की एक इंची. अर्धा इंची गनही आता हजार न्यूटन-मीटर सांगतात आणि ते खोटं नाही. पण पिळाला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाऊण इंची चौकोन अर्ध्याच्या सव्वातीन पटींहून जास्त पीळ सोसतो, एक इंची आठ पट. अर्धा इंचीवर ३३ची गोटी लावून ट्रकचे नट रोज काढले तर गन टिकेल, चौकोन तुटेल. पिकअप, टाटा ४०७, ट्रॅक्टरची ट्रॉली यांना अर्धा इंची भरपूर झाली. दहा-बारा चाकी ट्रकच्या रस्त्यावरच्या कामाला पाऊण इंची. बॅटरीसकट ती चारेक किलोची होते, एक माणूस गुडघ्यावर बसून दहा नट काढू शकतो. एक इंची गनला पुढे लांब तोंड असतं, जोडचाकाच्या वाटीत एक्स्टेन्शनशिवाय पोचते, आणि जोरही थेट पोचतो. मिलवॉकीची एम१८ एक इंची २००० फूट-पाउंड सोडवते असं कंपनी सांगते. पण या वर्गातल्या गन बॅटरीसकट दहा किलोच्या घरात जातात. यार्डात दिवसाला वीस-पंचवीस चाकं उतरवणाऱ्या माणसाला तिचा उपयोग आहे. ड्रायव्हर आणि क्लीनर अशा दोघांच्या गाडीत ती पाठीला भारी पडते.

गोट्यांविषयी मला जरा जास्त काळजी वाटते. चकचकीत क्रोमच्या गोट्या हातपान्यासाठी असतात. गनच्या ठोक्याखाली त्या तडकतात आणि तुकडा डोळ्यात जातो. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या गोट्या वेगळ्या मिळतात. पन्नास हजारांच्या गनचा विचार करणारा माणूस दोन गोट्यांच्या किमतीत घासाघीस करून घरातलीच चकचकीत गोटी लावतो, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं. चौकोनाला आरपार भोक आणि गोटीला पिन व रबरी रिंग असेल तर गोटी चिखलात पडत नाही. रिंगवर अडकणारी गोटी झटपट निघते, पण झिजली की निसटते. रस्त्यावरच्या कामाला पिनवाली बरी. डोळ्यांना चष्मा आणि कानाला बोंडं हवीतच. गनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि ट्रकच्या दोन चाकांमध्ये तो घुमतो.

बॅटरीच्या बाबतीत बाजारात सगळ्यांत जास्त गोंधळ आहे. लिथियमच्या एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट. पाच सेल रांगेने जोडले की १८. पूर्ण भरल्यावर सेल ४.२वर जातो, म्हणून तेच पाच सेल २१ व्होल्ट दाखवतात. कुणी १८ लिहितं, कुणी २०, कुणी २१. आत वस्तू एकच. पण चार-सहा हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या गनवर ४८व्हीएफ, ८८व्हीएफ, १२८व्हीएफ असे आकडे छापलेले असतात. त्यातल्या बहुतेक पॅकांत आत तेच पाच किंवा दहा सेल असतात. खोक्यावरचं व्हीएफ विसरावं आणि चार्जरच्या पट्टीवर बाहेर पडणारा व्होल्टेज वाचावा. तिथे २१ लिहिलेलं असेल तर गन १८ची आहे, मग खोक्यावर काहीही असो. अशी गन मोटारसायकल, कार, फार तर पिकअपला चालते. ट्रकच्या चाकावर ती नुसती घरघरते, आणि ते बघून माणूस 'बॅटरीची गन कामाची नाही' असा निष्कर्ष काढून बसतो. माझ्या मते या स्वस्त मालाने रस्त्यावरच्या कामगाराचं सगळ्यांत मोठं नुकसान केलं आहे ते हेच.

दुसरी गोष्ट अँपिअर-अवरची. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर. गन जोरात असताना सरासरी ४० अँपिअर ओढते असं धरलं आणि नट पाच सेकंदांत सुटला, तर एका नटाला एक वॉट-अवर जातो. म्हणजे कागदावर नव्वद नट. गंजलेला नट पंधरा-वीस सेकंद घेतो, तेव्हा हा आकडा बावीस ते तीसवर येतो. तरी दोन बॅटऱ्यांत रात्रीचं काम निभावतं. मोठ्या बॅटरीचा दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो: सेल जास्त किंवा जाड असले की आतला अवरोध घटतो, एकदम जास्त करंट मिळतो, आणि तीच गन २ अँपिअर-अवरच्या बॅटरीपेक्षा ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर जास्त जोर देते. गन चांगली घेऊन सोबत छोटी बॅटरी घेणं म्हणजे अर्धी गन घेणं.

उन्हाचं पथ्य वेगळं. लिथियमचा सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. चांगला चार्जर तेवढ्या तापमानाला थांबून राहतो. अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथवर जातो. बंद केबिनमध्ये डॅशबोर्डवर ठेवलेल्या बॅटरीचं तर विचारूच नका. नागपूरकडच्या फिटरांनी बॅटरी सीटखाली, ओल्या गोणपाटापासून दूर पण सावलीत ठेवायची सवय लावून घेतली आहे. रात्री चार्ज करतात. आणि ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, कारचा १२ व्होल्टचा चार्जर तिथे लावायचा नाही, हेही क्लीनरला स्वतः सांगावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. जेएनपीटी रस्त्यावरचा एक केरळी टायरवाला, ज्याला सगळे ड्रायव्हर 'अण्णा' म्हणतात, त्याच्याकडे पाऊण इंची बॅटरीची गन आहे. एकदा नट त्याने गनने काढले. नवा टायर चढवल्यावर गनने नट फक्त टेकवले, आणि मग कोपऱ्यातला लांब क्लिकवाला टॉर्क पाना घेऊन समोरासमोरचे नट आळीपाळीने कसायला लागला. सांगलीकडचा ड्रायव्हर घाईत होता. "अण्णा, मार की गनच. उशीर होतोय." अण्णाने मान वर केली नाही. "खोलना गन से, शेठ. कसना हाथ से."

हे वाक्य प्रत्येक यार्डात रंगाने लिहून ठेवावं असं मला वाटतं. कारण नट कसतो म्हणजे आपण स्टड ताणतो. स्टड म्हणजे ताठ स्प्रिंग. तो किंचित लांबतो आणि मूळ लांबीला यायच्या ओढीने डिस्कला हबवर दाबून धरतो. चाक टिकतं ते त्या दाबामुळे. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच या ताणाच्या कामी येतो. निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, उरलेला आट्यांत. म्हणून आटे तेलकट असले तर त्याच ६००ला स्टड भलताच जास्त ताणला जातो, आणि गंजलेले असले तर कमी. त्यावर गन दोन सेकंद जास्त मारली की आकडा हजारावर जातो. स्टड लवचिकतेच्या पलीकडे ताणला गेला की परत येत नाही. वरून काही दिसत नाही. नट घट्टच लागतो. पुढे घाटात ब्रेक तापल्यावर, लोड हलल्यावर तो स्टड तुटतो, मग शेजारच्यावर भार येतो, आणि एका रात्रीत चाक निघून जातं. शंभरेक किलोचं ते चाक समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर गेलं तर काय होतं, ते महामार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

उलट चूकही तेवढीच वाईट. बॅटरी उतरलेली असते, गन घरघरते, माणसाला वाटतं झालं. किंवा डिस्कवर नवा रंगाचा जाड थर असतो, हबवर गंजाचे पापुद्रे असतात. पहिल्या काही किलोमीटरमध्ये ते दबतात आणि स्टडचा ताण उतरतो. म्हणून चाक बसवताना दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करायचे, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावायचा. ब्रिटनमध्ये सुटलेल्या चाकांचा अभ्यास झाला तेव्हा डाव्या बाजूची चाकं जास्त निघतात असं आढळलं. सगळीकडे सरळ आटे असले की डाव्या चाकाचं पुढे फिरणं नट सोडवायच्या दिशेला असतं. जुन्या गाड्यांना डावीकडे उलटे आटे असायचे ते याचसाठी. अशी गाडी अजूनही रस्त्यावर भेटते, आणि गन हातात घेतलेला नवा पोरगा उलट्या आट्याचा नट 'सोडवताना' कसतच नेतो. गन लावण्याआधी स्टडच्या टोकावरची खूण बघायची सवय इथे उपयोगी पडते.

टॉर्क पाना काही छोटी वस्तू नाही. ६०० न्यूटन-मीटरचा पाना मीटर-सव्वा मीटर लांब असतो आणि टोकाला पन्नासेक किलोचा जोर मागतो. तो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. पण गनसाठी ठेवलेल्या रकमेतून आधी त्याचे पैसे बाजूला काढावेत, उरलेल्यात गन बसवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याच्याकडे दोघांचेही पैसे नाहीत, एकच गाडी आहे, त्याने गिअरवाला हातपाना घ्यावा. डब्यासारखा गिअरबॉक्स, एक टेकू आणि एक हँडल. हँडल पन्नासेक वेळा फिरवलं की नट एक फेरा फिरतो. हळू चालतो, पण बॅटरी नाही, आवाज नाही, आणि एकटा ड्रायव्हर बसल्या जागी अडलेला नट सोडवतो. गन घ्यायच्या नादात या साध्या वस्तूचा विसर पडू नये.

कोल्हापूर-सांगलीकडे दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, तेव्हा या सगळ्याची गाठ हंगामाशी पडते. उसाच्या गाड्या दिवस-रात्र चालतात, कारखान्याच्या तळावर रांग लागते, आणि रांगेत टायर गेला की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. शिरोलीजवळच्या एका गॅरेजमधल्या वयस्क फिटरशी बोलत होतो. त्याने बॅटरीची गन मागच्याच हंगामात घेतली होती. "चाक निघतंय झटक्यात, त्येची तक्रार न्हाई," तो म्हणाला. "पर स्टड गेला की गाडी चार तास हुबी. मग गन कशाला घेतली?" त्याने पोराला नियम घालून दिला होता: गनचं बटण पहिल्या घडीवर ठेवायचं, नट टेकला की हात काढायचा. चांगल्या गनांना अशा तीन-चार घड्या असतात, आणि सोडवताना नट निखळताच आपोआप थांबायची सोयही असते. खोक्यावरच्या टॉर्कपेक्षा या घड्यांची चौकशी मी आधी करीन.

थरथरीविषयी थोडक्यात. युरोपात २००२च्या निर्देशानुसार हाताला बसणाऱ्या थरथरीवर कायदेशीर मर्यादा आहे, आठ तासांची सरासरी पाच मीटर प्रति सेकंद वर्ग. गनची थरथर पंधरा असेल तर ती मर्यादा सुमारे ५३ मिनिटांत गाठली जाते. ड्रायव्हरला याची भीती नाही. यार्डात गंजलेले नट दिवसभर सोडवणाऱ्या पोराची बोटं मात्र काही वर्षांनी थंडीत पांढरी आणि बधिर पडू लागतात. एकाच माणसाला रोज गनवर ठेवू नये, एवढं मालकाच्या हातात आहे.

राहता राहिला दुकानदाराला विचारायचा प्रश्न. गनमध्ये सगळ्यांत आधी जातं ते बटण, मग चौकोनाचा ठोकळा, मग बॅटरीचा एखादा सेल. हे तिन्ही सुटे मिळतात का, कुठे मिळतात, आणि किती दिवसांत? पुण्या-मुंबईत उत्तर मिळतं. गाडी जर बार्शी, लातूर, वाशीमच्या रस्त्यावर चालणार असेल तर आपल्या जिल्ह्यात कोणत्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे ते आधी बघावं, आणि गन त्या कंपनीची घ्यावी. ड्रिल, ग्राइंडर आधीच एखाद्या कंपनीचे असतील तर त्यांच्याच बॅटऱ्या चालतील अशी नुसती गन घेतली की बराच पैसा वाचतो. फक्त त्या बॅटऱ्या ५ अँपिअर-अवरच्या वरच्या असाव्यात. आणि पैसे मोजण्याआधी दुकानदाराला ३३ची काळी गोटी लावून गन हातात द्यायला सांगावी. गुडघ्यावर बसून, चाकाच्या उंचीला धरून, अर्धा मिनिट तशीच धरून बघावी. मनगट खाली जायला लागलं तर एक पायरी हलकी गन मागावी.